काळी एकचा तंबोरा लागला की हॉल घुमतो. सबवूफर घेऊ का?

ओतीव_लोखंड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, राहायला राजारामपुरीत. दिवसभर शेकआउटचा (साचा फोडून ओतकाम बाहेर काढायचा) दणदणाट कानावर असतो, त्यामुळं संध्याकाळी जेवण झालं की घरात गाणं नाहीतर सिनेमा, तिसरं काही नको वाटतं.

सेट साधा आहे. चॅनलला पन्नास वॅटचा स्टिरिओ अॅम्प्लिफायर, साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर (मागं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक आहे), टीव्हीची ऑप्टिकल वायर अॅम्प्लिफायरला. हॉल सोळा बाय दहा. स्लॅबचं घर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. स्पीकर पुढच्या भिंतीला लागून शोकेसवर, सोफा मागच्या भिंतीला टेकवून.

सिनेमाला तक्रार नाही. पाऊस, गोळीबार, घोड्यांच्या टापा, सगळं झकास. भानगड ख्यालात आहे. पुरुष गायकाचं रेकॉर्डिंग लावलं की तंबोरा नुसता घूंऽऽ करत राहतो. गायकाच्या आवाजावर गोधडी टाकल्यागत होतं. डग्गा वाजला की शोकेसमधल्या कपबशा थरथरतात. गंमत म्हणजे अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेलं गाणं, अगदी केसरबाई वगैरे, त्यात हा प्रकार अजिबात नाही. खरखर असते, पण आवाज कसा स्वच्छ पुढं येतो.

मध्ये देवल क्लबला एक बैठक ऐकली. पुढंच बसलो होतो. दोन तंबोरे मागं चालू होते आणि काय सांगू, कानाला नुसतं तेज आल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन त्याच रागाचं रेकॉर्डिंग लावलं, तर पुन्हा आपलं घूंऽऽ.

दुकानदार म्हणतो स्पीकर लहान आहेत, खर्ज (खालचे सूर) झेपत नाही, चाळीस हजाराचा सबवूफर (नुसता खालचा आवाज देणारा डबा) टाका. बजेट पन्नासपर्यंत ताणता येईल. कुठला घेऊ?

---

सायलेंट_बॅकग्राउंड

दुकानदार अर्धवट बरोबर सांगतोय. सबच्या आधी स्पीकर केबल आणि एक चांगला पॉवर कंडिशनर घ्या. आपल्याकडची वीज फार घाण असते. बॅकग्राउंड काळं झालं की तंबोऱ्याचे थर आपोआप सुटे होतात. टीव्हीतून ऑप्टिकल घेताय म्हणजे डॅकही (डिजिटलचा अॅनालॉग आवाज करणारा भाग) सुमारच असणार. पन्नासात तिन्ही बसेल.

---

गूळबाजार

फौंड्रीवाले, खिशातलं पाकीट आधी परत खिशात घाला.

मी मार्केट यार्डात अडत चालवतो, साउंड इंजिनियर नाही. पण गाण्याचा आणि या डब्यांचा नाद तरुणपणापासून आहे आणि तुमचं दुखणं तुम्ही स्वतःच लिहून दिलंय, फक्त वाचलं नाहीत. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीत घुमत नाही म्हणता ना? त्या जुन्या मुद्रणात खालचा खर्ज फारसा नसतोच. नव्या रेकॉर्डिंगमध्ये तो पूर्ण असतो. म्हणजे खर्ज आला की घुमतं, नसला की नाही. स्पीकरला खर्ज झेपत नसता तर तंबोरा बारीक वाजला असता, तो अंगावर आला नसता. आणि ज्याला खर्ज जास्त झालाय त्याला दुकानदार सबवूफर विकतोय. अजीर्ण झालेल्याला बासुंदी.

आता हिशेब बघा. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. तुमचा हॉल सोळा फूट लांब. समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाज अडकून उभा राहतो तो लांबीच्या दुप्पट अंतराच्या हिशेबानं, म्हणजे ११३० भागिले ३२. आलं ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं. त्याची पुढची पटं ७०, १०६, १४१. या सुरांना तुमचा हॉल स्वतःहून भर घालणार. स्पीकर कुठल्या कंपनीचा, वायर सोन्याची का तांब्याची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बरेचसे पुरुष गायक काळी एकच्या (पेटीतली पहिली काळी पट्टी सा धरून) आसपास गातात. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, याच सुरात. शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९.३. पहिली तार मंद्र पंचमाची, ती १०४. लावा आता शेजारी शेजारी: भिंतींचे ७०, १०६, १४१ आणि तंबोऱ्याचे ६९, १०४, १३९. साहेब, तुमचा हॉलच काळी एकमध्ये मिळवलाय! तंबोऱ्याची एकही तार त्यातनं सुटत नाही. मिरजेचा कारागीर सुद्धा इतका नेमका लावून देणार नाही.

आणि तुम्ही बसता कुठं, तर मागच्या भिंतीला डोकं टेकवून. भिंतीपाशी यातला प्रत्येक सूर सगळ्यात फुगलेला असतो. स्पीकरही पुढच्या भिंतीला चिकटलेले, म्हणजे फुगवणारा एका टोकाला आणि ऐकणारा दुसऱ्या टोकाला.

काय करायचं ते सांगतो. पैसा लागत नाही.

सोफा राहू दे तिथंच, घरात भांडण नको. ऐकायला बसाल तेव्हा एक खुर्ची पुढं ओढा. मागच्या भिंतीपासून चार फूट. हे चार फूट खुर्चीच्या पाठीपासून मोजायचे नाहीत, कानापासून मोजायचे. सोळाचा चौथा हिस्सा चार, आणि ७० हर्ट्झचा सूर नेमका तिथं सगळ्यात बारीक असतो. तुमचा खर्ज तिथं आटोक्यात येणार.

दुसरं, स्पीकर शोकेसवरनं खाली उतरवा. स्टँडवर ठेवून पुढच्या भिंतीपासून पावणेतीन फूट आत आणा. सोळाचा सहावा हिस्सा तेवढाच येतो आणि तिथून १०६चा सूर, म्हणजे तुमच्या पंचमाची तार, खोलीला नीट पेटवता येत नाही. दोन स्पीकरमध्ये सहा फूट अंतर ठेवा. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. कपबशांचा प्रश्न त्यातच सुटला.

तिसरं, मागच्या पोर्टमध्ये जुने पायमोजे कोंबून बघा. हसू नका. पोर्ट बंद केला की खालचा सूर लवकर उतरायला लागतो. आवडलं तर ठेवा, नाही तर काढा.

पडदे, गालिचा घाला हवं तर, टाळी वाजवल्यावर जो टणत्कार येतो तो कमी होईल. पण त्यानं खर्ज बसेल अशी आशा करू नका. सत्तर हर्ट्झची लाट सोळा फुटांची, भिंतीवर लटकवलेला पडदा तिला काय अडवणार? अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकणारे महाभाग आपल्या गावात अजून आहेत, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर लाकडी माडीचं. तिथं वडिलांचे मोठे थोरले डबे भिंतीला लावून ठेवलेले असायचे, बारा इंची वूफर, कसलं मोजमाप नाही, तरी घुमायचं नाही. लाकडी तक्तपोशी हलते आणि खालचा आवाज पिऊन टाकते. स्लॅब आणि वीटकाम काही पीत नाही, सगळं परत तोंडावर फेकतं. नव्या घरात राहायला आल्यावर तेच डबे लावले आणि पहिल्या आठवड्यात टेप घेऊन जमिनीवर खडूच्या खुणा करत बसलो होतो. बायकोला वाटलं वास्तुशास्त्र शिकलो.

आता तुमच्या बैठकीबद्दल. पुढं बसलात हे फार चांगलं केलंत. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब याच गावात राहून शिकवत होते, आणि दुसरे चिरंजीव मंजीखाँसाहेब १९३७ साली गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांनी पुढची तालीम घेतली ती भुर्जीखाँसाहेबांकडं. ही गायकी घडली ती माणसापासून दहा-बारा फुटांवर बसून ऐकण्यासाठी. संपूर्ण मालकंसातला पंचम कसा अलगद लावलाय हे लाउडस्पीकरच्या भिंतीपुढं बसून कळत नाही.

माझी एक तक्रार मात्र मोठ्या हॉलमधल्या कार्यक्रमांबद्दल आहे, आणि ती मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या साउंडवाल्याला मध्यंतरात जाऊन ऐकवतो. तबला गाण्याच्या वर कशाला पाहिजे? डग्ग्याला वेगळा माइक, त्यावर पुन्हा बास वाढवलेला. गायक बिचारा हातानं खुणा करतो, हा पठ्ठ्या मोबाइलमध्ये. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं तेव्हा माइक नव्हताच, संगीत नाटकातली मंडळी गळ्याच्या जोरावर मागच्या रांगेपर्यंत पोचायची. ऑगस्ट २०२४च्या आगीत ते जळालं त्या रात्री गावातली निम्मी माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती. मीही होतो. असो, विषय भरकटला.

सब घेऊ नका. आधी खुर्ची ओढा आणि इथं येऊन सांगा.

---

सायलेंट_बॅकग्राउंड

काका, गणित मान्य, पण केबलनं फरक पडतच नाही हे जरा एकांगी होतंय. माझ्या घरी मी स्वतः ऐकलाय.

---

गूळबाजार

ऐकला असाल. मी तुमच्या कानाला खोटं म्हणत नाही. चांगली जाड तांब्याची वायर घ्यावी, टोकं घट्ट आवळावीत, एवढं मीही करतो. पण सत्तर हर्ट्झला उभा राहिलेला फुगा वायर बदलून फुटला, हे दाखवा, मार्केट यार्डात तुमची मिरवणूक काढतो.

---

जवारी

नमस्कार. मी गाणं शिकते आणि थोडं शिकवते. काकांनी सांगितलेल्या आकड्यांत मला एक ऐकायची परीक्षा जोडायची आहे, कारण आमच्यासारख्यांना हर्ट्झपेक्षा ते सोपं पडतं.

चांगला मिळवलेला तंबोरा असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. ती तार गंधाराची नसते, कोणी तो सूर छेडलेलाही नसतो, पण येतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. काकांच्या भाषेत सांगायचं तर तारेचा पाचवा अंश, ६९च्या पाचपट म्हणजे साधारण ३४६ हर्ट्झ. तो येतो जवारीमुळं. घोडीवर तार जिथं टेकते तिथं खाली सुती दोरा सरकवलेला असतो. दोरा केसभर पुढं-मागं केला की तार बंद होते किंवा एकदम खुलते. बंद असेल तर नुसता ठण् असा आवाज, खुलली की त्यातून वरचे सूर एकामागून एक सांडायला लागतात. देवल क्लबमध्ये तुमच्या कानाला तेज आल्यासारखं वाटलं ना दादा, ते हेच.

तर परीक्षा अशी. घरी कुठल्याही ख्यालाची सुरुवात लावा, जिथं गायक अजून बोललेला नाही आणि तंबोरे एकटेच चालू आहेत. डोळे मिटून गंधार शोधा. आत्ता तुमच्या सोफ्यावर तो सापडणार नाही, कारण खालचा घुमारा इतका मोठा आहे की वरचं सगळं त्याखाली दबतं. खुर्ची चार फुटांवर ओढल्यावर पुन्हा शोधा.

अजून एक करून बघा. माझी पट्टी काळी तीन. म्हणजे खर्जाची तार ९२च्या आसपास. तुमच्या हॉलच्या ७० आणि १०६ या दोन्हींपासून लांब. काळी तीनमध्ये गाणाऱ्या कुणा बाईंचं रेकॉर्डिंग मिळालं तर सोफ्यावर बसूनही खर्ज बराच शांत वाटायला हवा. काळी चारवालीचं मात्र घुमेल, तिचा खर्ज १०४वर येतो, तुमच्या पंचमाच्या तारेवरच.

आणि कृपा करून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावरून स्पीकरची परीक्षा करू नका. रियाजाला मीही वापरते, प्रवासात तर दुसरं काही शक्यच नाही. पण त्याच्यातून काय ऐकायचं ते आधीच ठरलेलं असतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन या, तुम्हाला कितीसं लांब आहे? तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून पेपरात फोटो आले होते, पण फोटोत ऐकू कुठं येतं. कारागीर जवारी काढताना शेजारी बसू देतात. घोडीवर कानस एकदा फिरवतात, तार लावून ऐकतात, उतरवतात, पुन्हा फिरवतात. एक तासभर तेवढं ऐकलंत की घरच्या स्पीकरमध्ये काय शोधायचं ते कुणाला विचारावं लागणार नाही.

---

अप्पर_स्टॉल

गाण्यातलं मला कळत नाही. पण प्रश्नात सिनेमाही आहे आणि त्याच्याकडं सगळ्यांनी पाठ फिरवलीय म्हणून लिहितो. लहानपण उमा टॉकीजच्या अंगणात गेलंय, बोलायचा हक्क आहे.

भावा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा आणि ऑप्टिकलचं आउटपुट पीसीएम (साधा स्टिरिओ डिजिटल आवाज) केलंयस का बघ. ऑटोवर असेल तर काही सिनेमांना तुझ्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरकडून आवाजच येणार नाही. टीव्हीत सराउंड नावाची जी करामत असते ती बंद. तुझ्याकडं दोनच स्पीकर आहेत, ते दोन्ही नीट वाजू देत.

सिनेमात संवाद बारीक आणि मारामारी मोठी अशी सगळ्यांची ओरड असते. त्याचं कारण असं की थिएटरला पातळी ठरलेली असते, एका चॅनलला ८५ डेसिबलचा संदर्भ धरून सगळं लावलेलं असतं, आणि त्याच्यावर धमाक्याला अजून वीस डेसिबल जागा. घरात आपण एवढ्या मोठ्यानं लावत नाही, मग कुजबुज तळाला जाते. अॅम्प्लिफायरमध्ये नाइट मोड असेल तर रात्री वापर, लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

सबबद्दल मी काकांच्या थोडा विरोधात आहे. जहाज फुटतं, हेलिकॉप्टर उतरतं, तिथं चाळीस हर्ट्झच्या खालचं जे असतं ते साडेसहा इंची वूफर देत नाही, कितीही खुर्च्या ओढा. सिनेमा मनापासून बघत असशील तर पुढंमागं सब लागणारच. फक्त कोपऱ्यात ठेवू नकोस आणि गाण्याच्या वेळी बंद कर. बटण असतंय त्याला.

आणि जुने मराठी सिनेमे बघत असशील तर एक सांगतो. प्रभात कंपनी १९२९ साली आपल्या कोल्हापुरात निघाली. १९३२चा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ इथंच झाला, कंपनी पुण्याला गेली ती १९३३मध्ये. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे आपल्याच गावचे, चाल लावायची पण त्यांनी आणि पडद्यावर गायचं पण त्यांनीच. त्या काळच्या फिल्मवर आवाज एका अरुंद ऑप्टिकल पट्टीवर असायचा, मोनो. वरच्या सुरात फारसं काही नाही, त्यामुळं ट्रेबल वाढवलास तर नुसती खरखर वाढते. टोन कंट्रोल सरळ ठेव, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध बस, माणूस मध्यातनं बोलतो. प्रिंट बरी असेल तर सब-बिब सगळं विसरशील.

---

गूळबाजार

अप्पर स्टॉल, जहाज फुटण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मी सिनेमा फारसा बघत नाही त्यामुळं त्यात तोंड घालत नाही. गाण्याच्या वेळी बंद करणार असतील तर माझी हरकत संपली.

जवारीताई, गंधाराची परीक्षा फक्कड. मी आपला इतकी वर्षं डग्ग्यावरून ठरवत आलो. मींड (घसरता सूर) घेताना डग्गा गोल फिरला पाहिजे. एकाच सुरावर अडकून भुंग भुंग करत असेल तर खोली बोलतेय, डग्गा नाही.

---

ओतीव_लोखंड

मंडळी, सगळ्यांचे आभार. रविवार सत्कारणी लावला, रिपोर्ट देतो.

आधी मोबाइलवर सूर काढणारं अॅप घेतलं, फोन अॅम्प्लिफायरला जोडला आणि सोफ्यावर बसून ४० पासून वर सरकत गेलो. साठपर्यंत साधं. सत्तरला पोचलो आणि कपाटाचं दार वाजायला लागलं! काका, ७१ला सगळ्यात जास्त. मग खाली आणि १०५ला पुन्हा उसळी. मी कागदावर दोन्ही आकडे लिहून बायकोला दाखवले, ती म्हणाली एवढं बारकाईनं लाइटबिल बघत जा.

स्टँडचं काम फौंड्रीतच केलं. चौकोनी पाइप, खाली-वर प्लेट वेल्ड. आत वाळू भरली, पण एक सांगून ठेवतो, कुणी फौंड्रीतनं वाळू आणणार असेल तर मोल्डिंगची ग्रीन सँड आणू नका. तिच्यात बेंटोनाइट आणि पाणी असतं, कोळशाची भुकटी असते, पाइप आतनं गंजणार आणि हात लावाल तिथं काळं होणार. कोअर शॉपमधली कोरडी सिलिका वाळू घ्या. भरताना पाइपला हातोडीनं टकटक करत राहायचं, वाळू खाली बसत जाते तसा आवाज बदलतो. रिकामा पाइप घंटेसारखा वाजत होता, भरल्यावर वाजवला तर नुसतं थप्प. मग सील केलं.

स्पीकर पावणेतीन फुटांवर. खुर्ची टेपनं मोजून, कानापासून चार फूट. बायको टेप धरून उभी होती आणि मी खुर्चीत मान ताठ करून बसलेलो, मुलानं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय.

लावलं. पहिलं वाटलं बास गेलाच की, काहीतरी हरवलंय. कानाला सवय घूंची होती ना. पण दोन-तीन मिनिटांनी डग्ग्याचे बोल वेगवेगळे ऐकू यायला लागले, बोट कुठं दाबलं, मनगट कधी पुढं ढकललं इथपर्यंत. आणि गायकाचा श्वास. तान संपल्यावर घेतलेला, भरभर. तो या रेकॉर्डिंगमध्ये आहे हे मला माहीतच नव्हतं.

जवारीताई, गंधार सापडला. प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्यांदा नाही. मुलीला पेटीवर तो सूर वाजवायला लावला, मग तंबोरा लावला, मग एकदम कळलं की हा कोपऱ्यात मघापासून चालूच होता. आता तो ऐकू येतोय म्हटल्यावर सोडवतच नाही, गाण्याकडं लक्ष कमी. सोफ्यावर जाऊन बसलो की गायब. खुर्चीवर आलो की हजर.

पायमोजे दोन्हीकडं कोंबले होते. गाण्याला ठेवावेत असं माझं मत झालंय, सिनेमाला काढतो. पीसीएम आधीच होतं, सराउंड चालू होतं, बंद केलं.

केबलवाले दादा, रागावू नका, तुमची पण वायर घेईन कधीतरी.

काका, एक प्रश्न राहतो. आवाज किती ठेवावा? माझा कान फौंड्रीचा आहे, मला सगळंच बारीक वाटतं.

---

गूळबाजार

७१ला कपाटाचं दार वाजलं हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो.

आवाजाचं असं करा. गायक पहिला आलाप घेतो तेव्हा समोर नऊ-दहा फुटांवर एक माणूस बसून गातोय असं वाटलं पाहिजे. तो माणूस दारापेक्षा मोठा वाटायला लागला की आवाज जास्त झाला. तंबोरा गाण्याच्या मागं राहिला पाहिजे, शोधलात तर सापडेल इतका. तुम्ही दिवसभर दणदणाटात असता, तर घरी आल्या आल्या लावू नका. तासभर जाऊ द्या, कान खाली उतरू द्या, मग लावा. आणि फौंड्रीत कानाला प्लग घालता का नाही? ते चाळीस हजार सबवर घालायचे तेव्हा घाला, पण कानातले प्लग उद्याच्या उद्या घ्या. हे रागावून सांगतोय.

पुढची बैठक कधी आहे ते इथंच टाकतो. आलात तर तंबोऱ्यांच्या बाजूला बसू नका, तबल्याच्याही नको. गायकाच्या समोर, जरासं डावीकडं.

---

ओतीव_लोखंड

प्लग असतात, गळ्यात लटकतात. उद्यापासून कानात घालतो.

---

जवारी

दादा, ते वाळू भरलेले स्टँड किती किलोचे झाले? आमच्या क्लासमध्ये दोन छोटे स्पीकर टेबलावर नाचत असतात. अशी एक जोडी करून द्याल का? मुली लहान आहेत, धडकून पडले नाही पाहिजेत.

---

ओतीव_लोखंड

एकेक साधारण बावीस किलो. खालची प्लेट रुंद ठेवतो, धडकले तरी हलणार नाहीत. बसल्यावर मुलींचा कान जमिनीपासून किती उंचीवर येतो तेवढं मोजून कळवा. पाइपचे पैसे द्या, वाळूचे नाहीत.